यंत्रमाग कारखान्यातल्या उन्हाळ्याचं मागणीपत्र: मोजमापापासून करारापर्यंत

दरवर्षी मे महिन्याच्या मध्यावर सोलापुरात तेच घडतं. कारखान्याच्या एखाद्या खात्यात (विभागात) कुणाला तरी मागावरच चक्कर येते. दुसऱ्या दिवशी युनियनच्या लेटरहेडवर पानभर निवेदन तयार होतं. त्यात 'हवामान बदलाच्या पार्श्वभूमीवर कामगारांना योग्य त्या सुविधा द्याव्यात' असं एक वाक्य असतं. दहा जण ते घेऊन कारखानदाराकडे जातात. तो बसवतो, पाणी पाजतो, निवेदन ठेवून घेतो आणि म्हणतो, "आता पंधरा दिवसांत पाऊस येतोय." पाऊस येतो, आणि निवेदन फायलीत जातं.

अशी निवेदनं मीही लिहिली आहेत, म्हणून सांगतो. मागणी बरोबर असते, क्रम चुकतो. उन्हाळ्याची मागणी हे वर्षभराचं काम आहे: एप्रिल-मेमध्ये मोजायचं, जूनमध्ये हिशेब मांडायचा, दिवाळीनंतर लिहायचं, नोव्हेंबरअखेर द्यायचं, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास बोलणी करायची आणि होळीच्या आत छपरावर चुना लागलेला बघायचा. हे वाचताना मे महिना चालू असेल तर पिण्याचं पाणी आणि विश्रांती तोंडी बोलून आजच मिळवा, पण मोजमापही आजच सुरू करा.

खालचे टप्पे अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि पूर्व भागातले टॉवेल-चादरीचे कारखाने डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. सायझिंग (सुताला खळ लावणं) आणि डाईंगला (रंगाई) बरेचसे तसेच लागू पडतील.

## टप्पा १: आधी यादी, मग मागणी

ज्यांच्यासाठी मागायचं ते कामगार कागदावर आहेत का, हे आधी पाहा. प्रत्येक खात्यासाठी एक वही करा. त्यात नाव, काम (माग, कांडी भरणं, वार्पिंग म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळणं, जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, शिलाई, हमाली), पाळी, किती वर्षं काम, आणि पुरावा काय, एवढे रकाने पुरतात. पुरावा म्हणजे हजेरी कार्ड, मजुरीचं बुक, ईएसआयचा नंबर, पीएफचा नंबर किंवा बँकेत जमा झालेल्या मजुरीची नोंद. काहीच नसेल तर निदान आठवड्याच्या मजुरीच्या चिठ्ठ्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगा.

याचं कारण कायद्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेनुसार कारखान्यात एकाहून जास्त युनियन असतील तर ज्या युनियनकडे हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार आहेत, तिलाच एकमेव वाटाघाटी करणारी युनियन म्हणून मान्यता मिळते. तेवढं बळ कुणाकडेच नसेल, तर २० टक्के किंवा जास्त सभासद असलेल्या युनियनची मिळून वाटाघाटी परिषद होते. म्हणजे हजेरीपटावर नाव नसलेला कामगार या मोजणीत धरलाच जात नाही.

दुसरी अडचण आकड्याची. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत वीज वापरणारा कारखाना 'फॅक्टरी' ठरायला २० कामगार लागतात, जुन्या केंद्रीय कारखाना कायद्यात १० पुरत होते. एकाच छपराखाली तीन पाट्या, तीन मालक आणि प्रत्येकाकडे बारा कामगार, असं अनेक ठिकाणी दिसतं. अशा ठिकाणी वीज मीटर कुणाच्या नावावर आहे, बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेले रूळ) कुठून येतात, माल कुणाच्या गाडीत जातो, हे वहीत लिहून ठेवा. पुढे तिन्ही पाट्यांचं काम एकच आहे हे दाखवायला तेच लागेल.

तपासून घ्या: यादीत कांडीवर बसणाऱ्या बायका आल्या का? रात्रपाळी आली का? यांची नावं हमखास सुटतात.

## टप्पा २: उष्णता मोजा, पण बरोबर मोजा

सर्वात जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

लोक भिंतीवरचं एक साधं थर्मामीटर बघतात आणि लिहितात, 'खात्यात ३८ अंश'. कारखानदार म्हणतो, "बाहेर ४१ आहे, आत तर गारच आहे की." आकडा त्याचा खरा असतो, पण त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा असतो. सुती सूत कोरड्या हवेत कडक होतं आणि ताणा (मागावरचे उभे धागे) तुटतो. म्हणून विणकामाच्या खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात. खिडक्या लावून घेतात, फरशीवर पाणी मारतात, कुठे फवारे असतात. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळेच. त्यामुळे बाहेरच्या कोरड्या ४१ अंशांपेक्षा आतले दमट ३८ अंश जास्त घातक ठरू शकतात.

म्हणून ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचा आकडा, मोजायचं. महागडं यंत्र लागत नाही:

१. एकसारखी दोन थर्मामीटर घ्या. शेजारी-शेजारी ठेवून दोन्ही एकच आकडा दाखवतात का बघा.
२. एकाच्या बल्बवर स्वच्छ मलमलची पट्टी गुंडाळा आणि पट्टीचं टोक पाण्याच्या लहान बाटलीत सोडा.
३. दोन्ही जमिनीपासून दीड मीटर उंचीवर टांगा. मोटर, दार आणि उन्हाची भिंत यांपासून लांब ठेवा.
४. वाचण्याआधी पुठ्ठ्याने दोन-तीन मिनिटं वारा घाला. ओला आकडा उतरायचा थांबला की तोच लिहा.

नोंद रोज चार वेळा घ्या: सकाळी ११, दुपारी २, दुपारी ४ आणि रात्री ९. रात्रीची नोंद टाळू नका. सिमेंटचा पत्रा दिवसभर तापतो आणि रात्रपाळीच्या डोक्यावर ती उष्णता सोडत राहतो. किमान २१ दिवसांची वही हवी.

एक नमुना बघा. बाहेर कोरडा ४० आणि ओला २४, म्हणजे हवेत साधारण पाव हिस्सा दमटपणा. आत कोरडा ३८ आणि ओला ३०, म्हणजे निम्म्याहून जास्त. केंद्राच्या जुन्या आदर्श कारखाना नियमांत कामाच्या जागी ओल्या बल्बची मर्यादा ३० अंश धरली होती, आणि हवा मिनिटाला किमान ३० मीटर वेगाने खेळती हवी असं म्हटलं होतं. तुमच्या वहीत ओला आकडा ३० च्या वर किती वेळा गेला, हीच मागणीपत्राची पहिली ओळ.

सावधान: हे काम चोरून करू नका. पहिल्याच दिवशी कारखानदाराला सांगा, जमलं तर त्याच्याच माणसाची रोज वहीत सही घ्या. लपून घेतलेल्या आकड्यावर बोलणीत विश्वास बसत नाही.

याच वहीच्या मागच्या पानांवर त्रासाची नोंद ठेवा: तारीख, वेळ, कोण, काय झालं (चक्कर, उलटी, पायात गोळे, लघवी कमी होणं), किती वेळ काम थांबलं. दवाखान्यात गेल्यास केसपेपरवर 'उष्ण ठिकाणी काम करताना त्रास' असं लिहून घ्या आणि वेळ टाकायला सांगा. नुसतं 'अशक्तपणा' लिहिलेला कागद पुढे काही कामाचा नाही.

माणूस बडबडू लागला, गोंधळला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात धरा. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. वहीत नोंद नंतर करा.

## टप्पा ३: हिशेब मांडा, कारण मजुरी नगावर आहे

महिन्याच्या पगारावरच्या कामगाराला 'विश्रांती द्या' म्हटलं की पुरतं. आपल्याकडे मजुरी उत्पादनावर आहे. माग थांबला की मजुरी थांबली. त्यामुळे विना मोबदला विश्रांती मिळवून दिली तर कामगार ती घेतच नाही, आणि कारखानदार म्हणतो, "बघा, तुमच्याच माणसांना नको आहे." मी हे डोळ्यांनी पाहिलंय: घंटा झाली, सगळे माठाकडे गेले, पण एक जण गळ्यातल्या टॉवेलने मान पुसत चार माग सांभाळत उभा राहिला. तुटलेला धागा सांधताना त्याची बोटं थरथरत होती.

म्हणून खरी मागणी 'थांबलेल्या वेळेची मजुरी' ही आहे. हिशेब असा मांडा. समजा आठ तासांच्या पाळीत कामगाराला ६०० रुपये पडतात, म्हणजे तासाला ७५. वीस-वीस मिनिटांच्या दोन विश्रांती धरल्या तर ४० मिनिटांचे ५० रुपये. १५ मार्च ते १५ जूनमधले, सुट्ट्या वगळून, कामाचे ८० दिवस धरले तर एका कामगारामागे ४,००० रुपये, २४ कामगारांचे ९६,०००. आकडे तुमच्या खात्याच्या मजुरीच्या बुकातून घ्या.

दुसऱ्या बाजूला कारखानदाराचं नुकसान मांडा. मार्चमधलं आणि मे महिन्यातलं उत्पादन, दुय्यम ठरलेला माल, उन्हाळ्यात गावी गेलेले कामगार आणि त्यामुळे बंद राहिलेले माग. हे त्याच्याच रजिस्टरमध्ये असतं, जॉबरला तोंडपाठ असतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ च्या अहवालात म्हटलं होतं की २०३० साली भारतात उष्णतेमुळे ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील. तो आकडा भाषणात जरूर वापरा. मागणीपत्रात मात्र तुमच्या खात्याचाच आकडा घाला.

## टप्पा ४: मागणीपत्र लिहा

प्रत्येक मागणीत पाच गोष्टी हव्यात: काय, कुठे, कोणत्या तारखेपर्यंत, खर्च कुणाचा, आणि झालं की नाही हे कोण तपासणार. यातली एकही राहिली तरी त्या फटीतून मागणी निसटते.

विश्रांतीचं कलम असं लिहा:

'१५ मार्च ते १५ जून या काळात दुपारी १२ ते ४ दरम्यान प्रत्येकी २० मिनिटांच्या दोन विश्रांती दिल्या जातील. या वेळेत खात्यातले माग बंद राहतील. या ४० मिनिटांची मजुरी कामगाराच्या मागील तीन महिन्यांच्या सरासरी ताशी कमाईनुसार कारखानदार देईल व ती मजुरीच्या बुकात वेगळी दाखवली जाईल. रात्रपाळीस हेच कलम रात्री ८ ते १२ या वेळेत लागू राहील.'

'माग बंद राहतील' हे वाक्य विसरू नका. ते नसेल तर शेजाऱ्याचे माग सांभाळत अर्धे लोक आत राहतात.

पंखे मागताना जपून. थेट मागावर वारा आला की ताणा वाळतो, रुई उडते, धागे तुटतात, आणि तुटलेल्या धाग्यांमुळे कामगाराचीच मजुरी कमी होते. त्यामुळे आधी छप्पर मागा: पत्र्यावर चुन्याचा किंवा उन्हं परतवणाऱ्या रंगाचा पांढरा थर, आणि गरम हवा बाहेर फेकणारे पंखे वर, त्रिकोणी भिंतीत. पांढऱ्या छपराने वरून येणारी धग कमी होते आणि धाग्याला धक्का लागत नाही. शेजारच्या तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचं धोरणच केलं आहे. आपल्यातल्या अनेकांचे नातेवाईक तिकडेच आहेत, तिथली छपरं कशी झाली आहेत याचे फोटो मागवा. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून कलमात 'दरवर्षी फेब्रुवारीअखेर' असं लिहा.

सावधान: चुना मारायला माग कामगाराला पत्र्यावर चढवू देऊ नका. जुना सिमेंटचा पत्रा पाय पडताच फुटतो. फळ्या, दोर आणि सवयीची माणसं, हे कलमातच घाला. जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतो, त्याला भोक पाडलं की त्याची धूळ छातीत जाते. तेही घाला.

पाण्याचं कलम सोपं वाटतं, पण शहरात नळाला रोज पाणी येईलच असं नाही. म्हणून 'पाण्याची सोय' असं मोघम लिहू नका. माणशी किती लिटर, टाकी किती मोठी, टाकी किती दिवसांनी धुणार, माठ मागापासून किती पावलांवर, हे लिहा. जुन्या कारखाना कायद्यात गार पाण्याची सक्ती २५० पेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यालाच होती. आपल्या छोट्या खात्यात ते कराराने मिळवावं लागतं. आणि बायकांसाठी वापरता येईल असं संडास नसेल तर त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. म्हणून संडासाची मागणीही याच कलमात हवी.

मसुदा झाला की सभा घ्या आणि तेलुगू बोलणाऱ्या कामगारांसाठी तो तेलुगूत वाचून दाखवा. मराठी कागदावर सही करणाऱ्या निम्म्या लोकांना आत काय आहे ते पुरतं कळलेलं नसतं. बोलणीच्या दिवशी तेच लोक मग गप्प बसतात.

सर्वात मोठी चूक: उन्हाळ्याच्या मागण्या दिवाळीच्या बोनसच्या मागणीत मिसळणं. शेवटच्या रात्री बोनसमध्ये दोनशे रुपये वाढतात आणि त्याच्या बदल्यात छप्पर, पाणी, विश्रांती सगळं सुटतं. दोन वेगळी मागणीपत्रं करा, आणि उन्हाळ्याचं दिवाळीनंतरच द्या.

## टप्पा ५: नवी यंत्रं आणि सोलर यांचं कलम आत्ताच घाला

हे कलम बहुतेक जण नवं यंत्र दारात उतरल्यावर आठवतात. तेव्हा उशीर झालेला असतो.

जुने धोट्याचे माग काढून रेपियर (धोट्याशिवाय आडवा धागा नेणारे माग) आणले जातात. एक कामगार जास्त माग सांभाळतो आणि उरलेले घरी बसतात. औद्योगिक संबंध संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार, ज्या यंत्रसुधारणेमुळे कामगार कपात होण्याची शक्यता आहे तो बदल करण्याआधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. किमान वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस, दर वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी, आणि पुनर्कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचा पगार मिळायला हवा. हे किमान झालं. करारात याच्या पुढे जा: नव्या मागावर आधी जुन्या कामगाराला संधी, यंत्र विकणाऱ्याकडून प्रशिक्षण, आणि शिकण्याच्या काळात सरासरी मजुरी.

सोलरबद्दल सभेत खरं सांगा. छपरावर पॅनेल बसवायचं काम थोड्या दिवसांचं असतं आणि ते बाहेरचा ठेकेदार करतो. नंतर धुणं आणि देखभाल एवढंच उरतं. 'सोलर आलं की सगळ्यांना काम' असं सांगून सभा जिंकता येते, पण वर्षभराने तीच माणसं युनियनकडे पाठ फिरवतात. देखभालीचं काम खात्यातल्याच वायरमन किंवा जॉबरला द्यावं, त्याला त्याची वेगळी मजुरी आणि सुरक्षा पट्टा मिळावा, एवढं कलम मात्र नक्की जिंकता येतं. सोलर बसवणं-देखभाल शिकवणाऱ्या 'सूर्यमित्र' प्रशिक्षणाला साधारणपणे इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआय लागतो. आठवी शिकलेल्या माग कामगाराला तिथे प्रवेश मिळणं अवघड आहे, पण त्याच्या आयटीआय झालेल्या मुलीला मिळू शकतो. टप्पा १ च्या वहीत घरातल्या शिकलेल्या मुलांचाही रकाना ठेवा.

ठेकेदाराकडच्या पॅनेल धुणाऱ्यांना ईएसआय नाही, पट्टा नाही, तर तो हरित (पर्यावरणपूरक) रोजगार म्हणता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत हरित रोजगार आधी सन्मानाचं काम असावा लागतो. त्या माणसांनाही तुमच्या यादीत घ्या.

कारखानदाराला राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणातून काही सवलत मिळते का, ते विचारा. सार्वजनिक पैसा येत असेल तर कामगारांसाठी अट मागायला ठोस आधार मिळतो.

## टप्पा ६: देणं आणि बोलणी

मागणीपत्राच्या तीन प्रती काढा. एक कारखानदाराला द्या, एक सोलापूरच्या कामगार कार्यालयात, आणि एकीवर दोन्हीकडचे पोच-शिक्के घेऊन ती जपून ठेवा. सुरक्षेची कलमं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही पाठवा. अर्जाचे नमुने संहितांनंतर बदललेले असू शकतात, जुन्या फायलीतला नमुना उतरवू नका. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती चिकटवून ठेवा.

बोलणीला पाच जण पुरेत, त्यात किमान दोन बायका आणि एक जॉबर. जॉबर असला की 'असं केलं तर सूत तुटेल' या वाक्याला तिथल्या तिथे उत्तर मिळतं. वही आधी टेबलावर ठेवा, मागणीपत्र नंतर. सुरुवात छपरापासून करा, कारण त्यात कारखानदाराच्या मालाचाही फायदा आहे. मजुरीचं कलम मधे घ्या. ताणलं तर विश्रांतीची २० मिनिटं १५ होऊ शकतात, उन्हाळ्याचा काळ आठवड्याने कमी होऊ शकतो. 'मजुरीसह' हा शब्द मात्र सोडू नका.

सावधान: बोलणी फिसकटली म्हणून दुसऱ्या दिवशी माग बंद पाडू नका. औद्योगिक संबंध संहितेनुसार संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकदम रजा टाकली तर तीही संपच धरतात. समेटाची कार्यवाही (सरकारी समेट अधिकाऱ्यापुढची तडजोड) चालू असताना केलेला संप बेकायदा ठरतो. अशा चुकीमुळे वर्षभराची वही वाया गेलेली मी पाहिली आहे.

## टप्पा ७: करार झाल्यानंतरचे पहिले तीस दिवस

तोंडी 'हो' वर उठू नका. त्याच बैठकीत कलमवार लिहा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, मुदत लिहा आणि प्रत कामगार कार्यालयात द्या. नंतर कराराचं एक पान मराठी आणि तेलुगू दोन्ही लिपींत, माठाच्या वर भिंतीला लावा. ऑफिसमध्ये लावलेलं पान कामगाराच्या नजरेला पडत नाही.

तपासणीसाठी दोन कामगार आणि मालकाचा एक माणूस, अशी तिघांची समिती नेमा. कायद्याने छोट्या कारखान्याला सुरक्षा समिती सक्तीची नाही, म्हणून ती करारातच हवी. समितीचं काम ठरलेलं: १ मार्चला छप्पर बघणं, आठवड्याला टाकी बघणं, आणि दर मजुरीच्या दिवशी दोन-तीन जणांची बुकं उघडून ४० मिनिटांची रक्कम वेगळी पडली का ते पाहणं. पहिल्या आठवड्यात नाही पडली तर त्याच दिवशी लेखी कळवा. एक महिना सोडला तर कलम कागदावरच राहतं.

एक गोष्ट या सगळ्यात सुटते. माग कामगाराच्या घरी बायको किंवा आई विड्या वळते, दुपारभर पत्र्याच्या खोलीत, मांडीवर सूप घेऊन. तिच्या छपराला कारखानदार चुना मारणार नाही. विडी कामगारांच्या युनियनबरोबर बसून त्यांच्यासाठी वेगळं मागणीपत्र करा. मोजमापाची पद्धत तीच राहील, थर्मामीटर फक्त घरात टांगायचं.

१५ एप्रिल आला की खात्यातली दोन थर्मामीटर पुन्हा टांगा. छप्पर पांढरं झाल्यावर ओला आणि कोरडा आकडा किती उतरला, हे दुसऱ्या वहीत लिहा. पुढच्या कारखान्यात बोलणीला जाताना या दोन्ही वह्या बरोबर न्या.